पानांआधीचे फूल

भिलाईच्या इस्पात वसाहतीत, आंब्याच्या एका जुन्या झाडाखाली, चैत्र सरता सरता थेट जमिनीतून फूल वर येते. पान नाही, देठही दिसत नाही. पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध जांभळट ओठ. वाऱ्याने कुठून तरी आणून टाकल्याचा भास व्हावा. हा भुईचाफा. चाफ्याशी त्याचे नाते नावापुरतेच. कुळाने तो आल्या-हळदीचा. लिनिअसने त्याच्या प्रजातीला केम्फर या जर्मन वैद्य-प्रवाशाचे नाव दिले; पण ‘भूमिचंपक’ हे संस्कृत नाव अधिक बोलके, कारण त्यात फुलाचा पत्ता आहे.

त्या अंगणातील गृहिणीने त्याचे कंद वर्ध्याच्या माहेराहून आणले होते. १९५६ पर्यंत विदर्भ आणि छत्तीसगड एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. त्यामुळे १९५५च्या सोव्हिएत करारानंतर कारखाना उभा राहू लागला, तेव्हा इकडे येणाऱ्या मराठी माणसांना हा मुलूख फारसा परका नव्हता. परकी होती ती माती. मुरमाड, तांबूस, छत्तीसगडी माणूस तिला ‘भाठा’ म्हणतो. आंब्याखाली तर गवतही धरेना. बाईंनी पाचोळा जाळणे बंद केले आणि तो तिथेच कुजू दिला. चार पावसाळ्यांनंतर माती काळसर, भुसभुशीत झाली.

थंड देशांतील रानफुले वसंतात घाई करतात, ती झाडांना पालवी फुटून उजेड अडण्यापूर्वी. आंब्याची सावली मात्र बारमाही. इथे घाई उजेडाची नसते. गेल्या पावसाळ्यात पानांनी साठवलेल्या शिदोरीवर भुईचाफा भर उन्हाळ्यात फुलतो. एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकते; मग दुसरे. वळवाची सर पडली की सुगंधी मातीतून पाने निघतात, वरून चित्रविचित्र, खालून जांभळी. थंडीत तीही लोपतात. त्यानंतर पाणी घालायचे नाही. झोपलेला कंद ओलीने कुजतो. बाईंनी हे शिकले, ते दोन कंद गमावून.

म्हणजे वर्षाचे कित्येक महिने तिथे काहीच नसते. पाहुण्यांना ती जागा ओसाड वाटे. एकदा पौषात माळ्याने ती खणायला घेतली, तेव्हा बाईंनी धावत जाऊन कुदळ धरली आणि मग भोवती विटांचे कडे केले.

यजमानांची निवृत्ती आली तीही जानेवारीतच. क्वार्टर सोडायचे होते. कंपनीच्या घरात माणूस तीस वर्षे राहतो, झाडे लावतो, जमीन मात्र त्याची कधीच होत नाही. वसाहतीच्या आयुष्यातील या अटीकडे आपल्या साहित्याचे लक्ष फारसे गेलेले नाही. स्थलांतराला जानेवारी सोयीची, कारण कंद निजलेला असतो. बाईंनी निम्मे कंद काढले, निम्मे ठेवले. नव्या भाडेकरूंना विटांच्या कड्याचा अर्थ सांगितला. त्यांनी मान डोलावली. रिकाम्या मातीकडे पाहून माणूस आणखी काय करणार?

नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरीत, उत्तरेच्या बाजूला, ती कुंडी आहे. पहिल्या वैशाखात तिच्यात फूल आले नाही. जूनमध्ये एक पान निघाले, सुरळी झालेले. भिलाईला फोन करून विचारावे, असे बाईंच्या मनात अनेकदा आले. अजून त्यांनी केलेला नाही.