तिची वाक्यं

परीक्षेतल्या लबाडीला मराठीत ‘कॉपी’ म्हणतात आणि ती ‘केली’ जाते. कन्नडमध्ये ‘कापी’ हाणतात. बंगळुरूत कापी म्हणजे कॉफीसुद्धा, त्यामुळे हा शब्द इथे फारसा गंभीर वाटत नाही. नववीतल्या माझ्या लेकीवर आलेला संशय मात्र यातल्या कुठल्याच शब्दात मावत नव्हता. तिने चिठ्ठी नेली नव्हती, शेजारच्या बाकावर डोकावली नव्हती. आजीवरचा इंग्रजी निबंध घरून लिहून नेला, शिक्षिकेने तो एका सॉफ्टवेअरमध्ये घातला, आणि बराचसा मजकूर यंत्राने लिहिला आहे असा निकाल आला. मला शाळेत बोलावणं आलं.

जाण्याआधी खरं काय ते मला हवं होतं. “तूच लिहिलंस ना?” याला ‘हो’शिवाय उत्तर नसतं, तो पोलिसी प्रश्न आहे. मी म्हटलं, “कसं लिहिलंस ते दाखव.”

तिने कच्ची वही काढली. पहिला खर्डा अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी. ‘आजी ताक घुसळते’ इथून बाण निघून समासात गेलेला. तिथे ‘चर्निंग’ खोडून ‘मेकिंग’ केलेलं. ‘रवी’ या शब्दाभोवती गोल आणि प्रश्नचिन्ह. पक्क्या निबंधात रवी नव्हतीच. येत नाही ते गाळायचं, खात्रीचं तेवढंच ठेवायचं! परक्या भाषेत लिहायला बसलेला अनुवादकही हेच करतो, वीस वर्षं मी हे बघते आहे.

अशी साधनं नेमकं हेच हेरतात. पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितका यंत्राचा संशय जास्त. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या 91 निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी यंत्राच्या नावावर टाकले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक ओळखले. त्याच वर्षी जुलैत ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून बंद केलं. आमच्या शहरात घरी एक, रस्त्यावर दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा बोलणारी मुलं वर्गावर्गात आहेत.

एवढी माहिती घेऊन शाळेत भांडता आलं असतं. पण शेवटचा परिच्छेद वहीत नव्हता.

“तो चॅटजीपीटीकडून घेतला,” ती म्हणाली. “शेवट जमत नव्हता गं.”

मी तो वाचला. त्यात आजी मायेचा अखंड झरा होती. आमच्या सासूबाई झरा नव्हेत; ताकात कुणी न विचारता मीठ घातलं तर दिवसभर बोलत नाहीत.

शाळेत मी वही टेबलावर ठेवली आणि बोलणं लेकीवर सोडलं. बाण कुठून कुठे गेले ते तिने दाखवलं, शेवटच्या परिच्छेदाचंही सांगितलं. शिक्षिकेने पानं सावकाश उलटली. पाचेक मिनिटं कुणीच बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, शेवटाचे गुण मिळणार नाहीत, बाकीचा निबंध ग्राह्य; शेवट इथेच बसून हाताने लिही.

तिने चार ओळी लिहिल्या: ताक झालं की आजी रवी स्वतः धुते, उन्हात ठेवते आणि कुणालाही हात लावू देत नाही. रवीला इंग्रजी शब्द शोधला नाही, तसाच ठेवला.

निबंध परत आला तेव्हा समासात लाल शाईने विचारलं होतं: हू इज रवी?