षड्ज नेमका कुठे फाटतो?

व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरविषयी बोलताना त्याच्या आवाजातील गोडव्याचे कौतुक आवर्जून केले जाते. हा गोडवा पुष्कळ अंशी विकृतीच असतो, हे कौतुक करणारे क्वचितच सांगतात. एकच पॉवर व्हॉल्व्ह असलेली साधी मांडणी मूळ स्वरात त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वर मिसळते. म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. षड्जात तारषड्जाची छटा आली तर कानाला ती भेसळ वाटत नाही, भरणा वाटतो. म्हणूनच आम्ही घरी जोडलेल्या अॅम्प्लिफायरमध्ये दहाएक मिनिटांनंतर आवाज फाटू लागला, तेव्हा दुरुस्तीआधी प्रश्न उभा राहिला तो पाठचिकित्सेचा. दोष गायकाचा, तबकडीचा, की मधल्या लेखनिकाचा?

हा प्रश्न टाळून केलेली शुद्धी धोक्याची असते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करण्याचे काम एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली केले. आणि सव्वातीनशे वर्षांनी, १९०९ मध्ये, राजवाड्यांनी आपल्याजवळचा पाठ एकनाथपूर्व असल्याचा दावा करीत वेगळी ज्ञानेश्वरी छापली. शुद्ध काय आणि शुद्ध केलेले काय, हा वाद तेव्हापासून आपल्या परिचयाचा आहे.

आमच्या बाजूने एक गोष्ट अनुकूल होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एकच ध्वनिमार्ग असतो. तो आम्ही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना पुरवीत होतो. एकाच मजकुराच्या दोन प्रती, आणि फाटत होती फक्त डावी. अॅम्प्लिफायरकडे येणाऱ्या तारांची अदलाबदल केली; दोष डावीकडेच राहिला. स्पीकर बदलले, तरी तेच. मग डाव्या-उजव्या ईएल ८४ व्हॉल्व्हची अदलाबदल केली. (हे व्हॉल्व्ह बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी बनविलेले, त्यांच्यावर संशय घेणे जिवावर आले होते, हे खरे.) दोष जागचा हलला नाही. ईसीसी ८३ तर दोन्ही बाजूंना सामाईकच, एकेक अर्धा. तोही बदलून पाहिला.

उरली मापे. येथे अडीचशे व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर तो काही काळ धरून ठेवतात; म्हणून एक हात खिशात ठेवून मोजण्याचा जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यांचा नेम आम्हीही पाळतो. १३५ ओहमच्या कॅथोड-रेझिस्टरवर उजवीकडे सुमारे ७.३ व्होल्ट मिळाले, पुस्तकाप्रमाणे. डावीकडे ९. ग्रिडवर शून्य हवे, तेथे ३ व्होल्ट, आणि यंत्र तापेल तसे चढणारे. व्हॉल्व्ह काढून ठेवला तरी ते ३ व्होल्ट हटेनात.

यावरून कारण स्पष्ट झाले. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर सुमारे १६० व्होल्ट असतात. त्यांना अडवून केवळ गाणे पुढे जाऊ देणे हे मधल्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचे काम. जुन्या रेडिओतून आलेला तो कागदी कपॅसिटर गळत होता. कागद दमट हवेत ओल धरतो आणि उष्णतेने गळती वाढते. गळती काही दशलक्षांश अँपिअरची; पण तेवढ्याने व्हॉल्व्हचा स्थिर प्रवाह वाढतो, १२ वॉटची मर्यादा ओलांडली जाते आणि स्वराच्या लहरीचे एक टोक आधीच दबते. आलापीत हे जाणवत नाही. तारषड्जावर ठहराव आला की जाणवते.

नवा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर ६३० व्होल्टचा, बुधवार पेठेत मिळाला, चहाच्या किमतीत. ग्रिड शून्यावर आले. तासभर वाजवून पुन्हा मोजले, तरी शून्य.

तारषड्ज आता फाटत नाही, पण त्यात एक बारीक खरखर शिल्लक आहे, दोन्ही बाजूंना सारखीच. ट्रान्झिस्टरच्या अॅम्प्लिफायरवरही ती त्याच जागी येते. म्हणजे ती आमच्या यंत्राची नव्हे. ती खाचेच्या झिजेची असेल, किंवा ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच्या गळ्याची. संगणकावर ती पुसून टाकणे सोपे आहे. आम्ही ती पुसलेली नाही. याच तबकडीची दुसरी प्रत एखाद्या संग्राहकाकडे मिळाली, तर ताडून पाहायचे आहे.