तापीतीरावरून हिमशिखराकडे

सुरत ही व्यापाऱ्यांची नगरी. १६६४ साली शिवाजी महाराजांनी तिच्या वैभवावर छापा घातला, हे आपल्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक असते. आज येथे हिऱ्यांना पैलू पडतात, मागांचा खडखडाट चालतो, आणि उधना, लिंबायत या भागांत खानदेशची बोली सहज कानी पडते. जळगाव-नंदुरबारची शेते पाहून आलेली तापी येथूनच पुढे समुद्रास मिळते. नगरी जवळजवळ समुद्रसपाटीवर वसलेली. उंच डोंगर पाहावयाचा तर बागलाणातील साल्हेर गाठावा लागतो. सह्याद्रीतील हा सर्वांत उंच किल्ला, तरी त्याची उंची १,५६७ मीटरच!

अशा सखल नगरीतील अदिती व अनुजा वैद्य या भगिनींनी मे २०१९ मध्ये ८,८४८ मीटर उंचीचे एव्हरेस्ट सर केले. तापीच्या काठी उभे राहून आम्ही त्या उंचीचा विचार करू लागलो, तेव्हा मनात आले की, शिखरावर गेलेल्याचे हृदय कसे चालले आहे, हे घरी बसलेल्यांस कळेल काय?

शिखरावर हवेचा दाब येथल्यापेक्षा सुमारे एकतृतीयांशच उरतो. शरीराला पुरेसा प्राणवायू पोचविण्यासाठी हृदयास अधिक वेगाने धडधडावे लागते. ही धडधड दूरवर ऐकण्याची विद्या मात्र जुनी आहे. १९०५ साली हॉलंडमधील लायडन येथे आइन्थोव्हेन या शास्त्रज्ञाने रुग्णालयातील रोग्याच्या हृदयाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेत उमटविला. पुढे १९९९ साली एव्हरेस्टवरील तीन गिर्यारोहकांच्या अंगावर लहान यंत्रे बसविण्यात आली. त्यांच्या हृदयाची गती व शरीराचे तापमान पायथ्याच्या तळावर, आणि तेथून थेट अमेरिकेतील येल विद्यापीठात कळत होते.

तथापि, कळणे म्हणजे तारणे नव्हे. थंडीने यंत्रातील बॅटरी लवकर उतरते, चालण्याच्या धक्क्यांनी आलेख बिघडतो. आणि उंचीवर सर्वांचेच हृदय वेगाने धावत असल्याने केवळ आकड्यावरून संकट ओळखता येत नाही. डोकेदुखी, ओकारी, झोकांड्या, बसल्या जागी लागणारी धाप ही लक्षणे स्वतः त्याने किंवा सोबत्यानेच सांगावयास हवीत. दूरचा डॉक्टर फार तर “खाली उतरा” म्हणेल. उतरावयाचे ते आपल्याच पायांनी, किंवा सोबत्याच्या खांद्यावर हात टाकून. शिखर नजरेच्या टप्प्यात असता ते ऐकणे, हीच खरी कसोटी होय.

हे केवळ एव्हरेस्टवीरांपुरतेच नाही. सुरतेहून वा खानदेशातून केदारनाथास जाणारा यात्रेकरूही थोड्याच दिवसांत साडेतीन हजार मीटरांवर पोचतो. ज्यास हृदयाचा विकार आहे, त्याने निघण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा. तीन हजार मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. मनगटावर यंत्र असो वा नसो, शेजारी चालणाऱ्याला “बरे वाटते ना?” असे वारंवार विचारावे, आणि त्याने विचारले असता खरे उत्तर द्यावे.