माहीत नाही

2023 च्या उन्हाळी सुटीत मी धाकट्या भावाकडे गेले होते. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावी. शंभरी ओलांडलेले तीन मजली लाकडी घर, मधल्या मजल्यावर हे भाडेकरू. तिथल्या खिडक्या आपल्यासारख्या बाहेर उघडत नाहीत, वर-खाली सरकतात. रोज सकाळी मी खिडकी वर सारी आणि नुकता धरून उभा राहू लागलेला माझा अकरा महिन्यांचा भाचा चौकटीवर हात टेकून रस्ता पाही. मग तेच हात तोंडात. घासून पडलेली पांढरी पूड मी नेटकेपणाने कोरड्या झाडूने झाडून काढी.

त्या राज्यात वर्षाच्या आतच मुलांचे रक्त शिशासाठी तपासतात. भाच्याचा आकडा आला 7. (दर डेसिलिटरला इतके मायक्रोग्रॅम. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने 2021 पासून 3.5 हा इशारा मानला आहे. निर्धोक अशी पातळी नाहीच.) शिसे मला ठाऊक होते ते कानात ओतायचे, नाहीतर पेन्सिलीतले; आणि पेन्सिलीत तर ते नसतेच!

भावाने भाडेकरार काढला. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 साली बंदी आली. त्याआधीच्या घराच्या मालकाने करारापूर्वी भाडेकरूला धोक्याची पुस्तिका द्यावी, आपल्याला ठाऊक असेल ते सांगावे, अहवाल असल्यास दाखवावेत आणि सह्या घ्याव्यात, असे 1992 चा कायदा सांगतो. मालकीणबाईंची खूण होती ती 'माहिती नाही' या अर्थाच्या वाक्यापुढे. भावाने न वाचताच सही केली होती.

मी व्यवसायाने भाषेची, तिथेच अडकले. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांत केवढे अंतर! केंद्राचा हा नियम तपासणी करायला लावतच नाही. न तपासणाऱ्याचे अज्ञान त्यामुळे प्रामाणिकच राहते. मॅसॅच्युसेट्सचा स्वतःचा कायदा मात्र कडक आहे: सहा वर्षांखालचे मूल राहत असेल, तर जुन्या घरातला शिशाचा धोका मालकानेच दूर करायचा, आणि मुलापायी कुणाला घर नाकारायचे नाही की घराबाहेर काढायचे नाही.

मालकीणबाई तळमजल्यावर राहत. सत्तरीच्या. "माझी तिघे इथेच वाढली," म्हणाल्या. ते खोटे नव्हते. खर्चाचा अंदाज ऐकून त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. मला यायला हवा होता तितका त्यांचा राग आला नाही. असो. काम झाले, ते होईतो ही मंडळी दुसरीकडे राहिली. हिवाळ्यापर्यंत आकडा 4 वर उतरला.

सांगलीला वडिलांच्या वाड्यातल्या दोन खोल्या मी भाड्याने देते. आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक चालत नाही. पण तो नियम नव्या डब्यांचा. माझ्या दारांवरचा हिरवा ऑइलपेंट वडिलांच्या काळचा आहे आणि भाडेकरूंची चार वर्षांची मुलगी त्याचे पोपडे नखाने सोलत बसते. रंगारी म्हणाला, "बाई, पॉलिशपेपर मारून एका दिवसात चकाचक करतो." त्याला थांबवले आहे. तशी कोरडी धूळ मी एकदा उडवली आहे.

अकरा महिन्यांच्या आमच्या करारात पंखे, ट्यूबलाइट, किल्ल्या यांची यादी असते. परवा नूतनीकरणाच्या वेळी त्यात रंगाविषयी एक ओळ घालायला बसले. सुरुवातीला लिहिले गेले ते 'मालकास माहिती नाही' एवढेच. ते खोडले. दाराच्या रंगाचा तुकडा कुठे तपासून मिळतो, याची आता चौकशी करते आहे.