अंगाला तेल नको

पोल डान्सच्या पहिल्या क्लासआधी सूचना आल्या: शॉर्ट्स घाला, अंगठ्या काढा, अंगाला तेल-क्रीम नको. जालन्याला आईला फोन केला. ती शॉर्ट्सवरच अडकली. म्हटलं, स्टीलच्या खांबावर पकड कातडीची असते. लेगिंग घातली की घसरलेच. मल्लखांबावर मुलं लंगोटावर चढतात, त्यांना कोण काय म्हणतं? तिथे तर उलट, घर्षण कमी व्हावं म्हणून लाकडाला एरंडेल चोळतात. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी ती विद्या पुन्हा उभी केली. तो व्यायाम, आणि माझा तेवढा नाच!

आई जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "खाली गादी असते का?"

"असते."

"बाबांना मी मल्लखांबच सांगते."