दादाचा चहा

दादाला स्किझोफ्रेनिया असल्याचं कळलं तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय असं त्याला वाटायचं, नसलेले आवाज ऐकू यायचे. औषधांनी दोन-अडीच महिन्यांत आवाज विरले. पण दादा तासन् तास भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आंघोळ टाळायचा. हाही आजाराचाच भाग असतो, हे आम्हाला कळत नव्हतं.

"दहा वाजले, अजून लोळतोयस? तुझ्या वयात मी घर चालवत होतो." अप्पांचा दिवस इथून सुरू व्हायचा. आईचं दुसरंच टोक. ती त्याला घास भरवायची, मोरीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी राहायची, रात्री त्याच्या उंबऱ्यापाशी अंथरूण टाकायची. तासातासाला "बरं वाटतंय ना रे?" आत्याचं एकच पालुपद, लग्न करून टाका, सुधारेल. तीन वर्षांत दादाला दोनदा पुन्हा ॲडमिट करावं लागलं, तेही गोळ्या वेळेवर चालू असताना.

दुसऱ्या डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघांनाच आत बोलावलं. घरात दिवसभर कोण असतं, काय बोलणं होतं, हे बारकाईने विचारलं. मग लंडनच्या जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाच्या कामाबद्दल सांगितलं. १९५० च्या दशकात त्यांना दिसलं, की रुग्णालयातून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेली माणसं, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. पुढच्या अभ्यासांत घरातल्या तीन गोष्टी ठळक झाल्या: टीका, राग आणि जीव गुदमरेल इतकी काळजी. अशा घरच्यांच्या सहवासात आठवड्याचे ३५ तासांहून जास्त गेले, तर धोका आणखी वाढतो.

आईचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळे?"

"आजार तुमच्यामुळे झालेला नाही," डॉक्टर म्हणाले. "हे आधी मनावर कोरून ठेवा."

आईने उंबऱ्यावरचं अंथरूण उचललं, पण कित्येक रात्री ती नुसती जागी असायची. अप्पांना वेळ लागला. एका रविवारी मी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा, याच आजारावरचा 'देवराई' लावला. सिनेमा संपल्यावर अप्पा बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "मी पोराला आळशी म्हणत आलो."

संध्याकाळचा चहा दादाकडे द्यायचं ठरलं. पहिल्या दिवशी दूध उतू गेलं. आई धावणार तोच तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि जागच्या जागी थांबली. दादाने गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला, पुन्हा आधण ठेवलं. सगळं फार सावकाश. चहा अतोनात गोड झाला होता. अप्पांनी पूर्ण कप संपवला आणि "उद्या आलं घाल रे," एवढंच म्हणाले.

त्याला आता सहा वर्षं झाली. दादा सकाळी एका ओळखीच्यांच्या दुकानात हिशेब लिहितो. गोळ्या चालू आहेत, त्या राहतीलच. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तो खोलीतून बाहेर आला. आई जागी होती, मीही होते. तो अप्पांपाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "अप्पा, आवाज परत यायला लागलेत." अप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सकाळी दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले, गोळ्यांचं प्रमाण बदलून आले, आणि संध्याकाळी दादाने नेहमीसारखं आधण ठेवलं.