रीबूटची भीती

संगमेश्वर तालुक्यातल्या एका छोट्या इंटरनेट प्रोव्हायडरकडे मी लिंक सांभाळायच्या कामाला लागलो ते २०१८ च्या पावसाळ्यात. फायबर बाजारपेठेत येऊन थांबलेली. पुढे वाड्यांवर नेट जायचं ते हवेतून. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, लोखंडी पोल, पोलावर ५ गिगाहर्ट्झच्या डिशा, खाली पत्र्याच्या पेटीत राउटर आणि बॅटरी. एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर आणि तिथून शाळेच्या, दुकानांच्या, घरांच्या छपरांवर.

नेट स्लो आहे ही तक्रार रोजचीच. पण एका महा ई-सेवा केंद्रातल्या ताईंची तक्रार वेगळी होती. "दादा, एखादी साइट उघडली नाही ना, की लॅपटॉपचा पंखाच जोरात सुटतो. ते पान बंद केलं की गप्प." मी ते एररचं पान त्यांच्याच लॅपटॉपवर उघडलं आणि त्याचा सोर्स पाहिला. वर एररचा मजकूर, खाली कॉइनहाइव्हची स्क्रिप्ट. पान उघडं असेपर्यंत ताईंचा लॅपटॉप कुणा तिऱ्हाइतासाठी मोनेरो हे आभासी चलन कमावत होता. लॅपटॉपमध्ये व्हायरस नव्हता. दुसऱ्या वाडीतल्या फोनवरही तेच पान, तीच स्क्रिप्ट. ती येत होती सड्यावरच्या राउटरमधून.

राउटरमध्ये शिरलो तर आमच्यापैकी कुणी न लावलेली वेब प्रॉक्सी चालू. शेड्युलरमध्ये एक अनोळखी नोंद, ठरावीक वेळाने बाहेरच्या सर्व्हरवरून फाइल आणून चालवणारी. सॉक्स प्रॉक्सीसुद्धा उघडी. म्हणजे कुठलाही परका माणूस आमच्या आयपी पत्त्याआडून काहीही उद्योग करू शकत होता, आणि पोलीस माग काढत आले असते तर ते आमच्या गिऱ्हाइकांच्या दारात. चोरून चलन कमावण्यापेक्षा मला याचा जास्त संताप आला.

राउटर मायक्रोटिकचा होता. लाटव्हियातल्या या कंपनीचं यंत्र आपल्याकडच्या छोट्या प्रोव्हायडरांकडे सर्रास दिसतं, आणि त्या किमतीत एवढं काम करणारं दुसरं मी तरी पाहिलेलं नाही. राउटर दुरून सांभाळण्यासाठीच्या त्याच्या विनबॉक्स सेवेत एक भोक सापडलं होतं. लॉगइन न करताच बाहेरून पासवर्डची फाइल वाचता यायची. कंपनीने २३ एप्रिल २०१८ लाच दुरुस्त आवृत्ती दिली होती, तीही फुकट. तरी ऑगस्टपर्यंत, आधी ब्राझीलमध्ये आणि मग इतर देशांत, लाखाच्या वर राउटर या भोकातून परक्यांच्या हाती गेले. युबिक्विटी या कंपनीच्या डिशांचंही २०१६ मध्ये असंच झालं होतं: वर्म पसरला मे महिन्यात, आणि त्यावरची दुरुस्ती आदल्या वर्षीच्या जुलैपासून उपलब्ध होती.

मग आमच्या सड्यावर मायक्रोटिकची दुरुस्त आवृत्ती का पोचली नाही? मालकांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, अपडेट म्हणजे रीबूट आला. वरचा राउटर बंद झाला आणि परत उठलाच नाही तर? या पावसात वर कोण चढणार?"

त्यांची भीती किती खरी आहे ते पेटी उघडल्यावर कळलं. राउटरच्या हवेच्या फटींवर कुंभारमाशीने मातीची घरं बांधलेली. केबल घरातल्या वापराची. उन्हाने तिचं आवरण तडकलेलं. डिशेपासून ती सरळ पेटीत उतरवलेली, मध्ये वळसा नाही, त्यामुळे पावसाचं पाणी तिच्या अंगाने थेट जॅकपर्यंत. आरजे४५ च्या पिना हिरव्या पडलेल्या. केबलमधूनच वीज पोचवणारा पीओई अडॅप्टर स्वस्तातला. अर्थिंगची तार जांभ्यात जेमतेम हातभर ठोकलेल्या गजाला बांधलेली. उन्हाळ्यात वाळलेला जांभा वीज नीट जिरू देत नाही, म्हणून वळवाच्या विजांत दरवर्षी पोर्ट जळायचे. हे सगळं चालू होतं तोवर चालू होतं. एकदा बंद पडलं की उठेलच, असं छातीठोक कुणी सांगितलं नसतं.

सामानाचा दर्जा हा वायरमनचा विषय आणि सुरक्षा हा कॉम्प्युटरवाल्याचा, असं आमच्या धंद्यात धरून चालतात. ते साफ चूक आहे. हलक्या जॅकमुळे रीबूटची भीती, भीतीपोटी अपडेट नाही, आणि अपडेट नाही म्हणून चोर आत.

मालकांशी बरीच हुज्जत घातल्यावर खर्च मंजूर झाला. उन्हापावसात टिकणारी केबल आली. पेटीत शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा दिला, म्हणजे पाणी तिथेच गळून जातं. सांध्यांवर रबरी टेप, चांगला पॉवर सप्लाय, अर्थिंगला खोल खड्डा आणि त्यात कोळसा-मीठ. त्यानंतर राउटर नेटइन्स्टॉलने पार कोरा करून नव्याने घातला, पासवर्ड बदलले आणि विनबॉक्सचं दार बाहेरच्या जगाला बंद केलं. नुसतं अपडेट पुरलं नसतं: भोक बुजलं असतं, पण चोरलेला पासवर्ड चोराकडेच राहिला असता. २०२१ मध्ये मेरिस या बॉटनेटने, म्हणजे परक्यांच्या ताब्यात गेलेल्या यंत्रांच्या फौजेने, रशियातल्या यांडेक्सवर सेकंदाला २ कोटी १८ लाख विनंत्यांचा मारा केला, तेव्हा मायक्रोटिकने हेच सांगितलं. त्यातले राउटर २०१८ मध्येच हाती लागलेले होते. ज्यांनी अपडेट करूनही पासवर्ड बदलले नाहीत, त्यांची दारं उघडीच राहिली होती.

आता अपडेट रात्री उशिरा, नेट कुणी वापरत नसताना करतो. सगळ्यात लांबच्या सड्यापासून सुरुवात. जवळचा आधी रीबूट केला तर पलीकडच्यांची वाटच तुटते. घरांवरच्या डिशांचं काम मात्र अजून पुरं झालेलं नाही. जोडणीला जाणारी मुलं घाईत असतात आणि फॅक्टरीचा पासवर्ड तसाच ठेवून खाली उतरतात. म्हणून जोडणीच्या फॉर्मवर मी एक रकाना वाढवून घेतला आहे: पासवर्ड बदलला का? तो भरल्याशिवाय त्या जोडणीची मजुरी निघत नाही.